लायब्ररीत पोरं येतात पण सर-मॅडम फिरकत नाहीत? या चुका टाळा

जूनमध्ये वेळापत्रक लागलं आणि त्यात 'ग्रंथालय' अशी तासिका दिसली की स्टाफरूममध्ये काय बोलतात ते प्रत्येक शाळेच्या ग्रंथपालाला माहितीये. "चला, वह्या तपासायला एक तास मिळाला." मग सर वर्ग दारापर्यंत आणून सोडतात, पन्नासएक मुलं आत आणि सर गायब. मी नाशिकमधल्या एका माध्यमिक शाळेत कितीतरी वर्षं हे चालवून घेतलं, उलट मनातून बरंच वाटायचं की कोणी लुडबुड करत नाही. तर पहिली चूक ही, आणि ती त्यांची नाही, आपली आहे. "सर थांबा ना" म्हटलं तर कोणी थांबत नाही, त्यापेक्षा काम द्या. मी आता सांगते, सर पहिली दहा मिनिटं तुमची, प्रश्न तुम्ही घाला, मग जा खुशाल. दहाची वीस होतात बऱ्याचदा.

दुसरी चूक म्हणजे नोटीस. "अध्यापनासाठी पुस्तके हवी असल्यास ग्रंथालयाशी संपर्क साधावा" अशी सूचनावही मी एकदा सगळ्या वर्गांवर फिरवली होती, शिपाईदादा दोन मजले चढून उतरून आले, सगळ्यांच्या सह्या आल्या, माणूस एकही आला नाही. "काही लागलं तर सांगा" हे वाक्यच सोडून द्या. त्याऐवजी वार्षिक नियोजनाची झेरॉक्स मागून घ्या, एका शिक्षकाचा एक पाठ पकडा आणि मधल्या सुट्टीत दोन-तीन पुस्तकं हातात घेऊनच जा. एकच शिक्षक हां. आणि सगळ्यात सीनियर तर नकोच, ज्यांच्याशी चहा पिताना गप्पा होतात ते बघा. घटक चाचणीच्या आठवड्यात गेलात तर मात्र तोंडावर पडाल.

आता खरी गडबड होते ती गटात. आठ-आठ मुलांचे गट आणि विषय 'गोदावरी नदीची माहिती'. एक हुशार मुलगी लिहिते, दोघं रंग भरतात, बाकीचे खिडकीतून पीटीचा तास बघतात, आणि माहिती म्हणजे मोबाईलवरून उतरवलेली, उगम ब्रह्मगिरी, लांबी १४६५ किमी, संपलं. यात एकमेकांना विचारायची गरजच कोणाला पडत नाही. मी दोन वर्षं असे तक्ते भिंतीला लावून स्वतःची पाठ थोपटून घेतली!

मग भूगोलाचे सर आणि मी बसून प्रश्न बदलला. 'पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं होतं आणि तेव्हा नदीत पाणी किती होतं?' गोदाकाठची ही मारुतीची मोठी मूर्ती म्हणजे आपल्याकडे नाशकात पूर मोजायची पट्टीच आहे, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, डोक्यावरून. तिघांचाच गट केला. एकाकडे २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुराची कात्रणं, दुसऱ्याकडे नकाशा, त्यात नदीच्या वरच्या अंगाचं गंगापूर धरण ते शहरातला होळकर पूल शोधायचं, आणि तिसऱ्याने घरी किंवा सराफ बाजारात कोणातरी म्हाताऱ्या माणसाला विचारून यायचं. स्वतःकडचा कागद दुसऱ्याला द्यायचा नाही, फक्त सांगायचा, हा नियम महत्त्वाचा, कारण त्यामुळेच पोरं बोलायला लागतात.

एका गटात भांडणच लागलं. कात्रण म्हणतंय छातीपर्यंत, आणि एकीची आजी म्हणतेय डोक्यावरून, मी डोळ्यांनी बघितलंय. खोटं कोण बोलतंय यावरून अर्धा तास गेला, मग सरांनी हळूच विचारलं की बातमी किती वाजताची आहे रे? बातमी दुपारची, आजीने पाहिलं रात्री. तोपर्यंत बातमीतले क्युसेक म्हणजे काय ते कोणालाच कळेना म्हणून गणिताच्या मॅडमना बोलावलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर, म्हणजे दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला दोन लाख त्र्याऐंशी हजार लिटर. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, म्हणजे दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर, दर सेकंदाला?" त्या मॅडम त्याआधी लायब्ररीत फक्त पंखा चांगला आहे म्हणून यायच्या.

'शांतता राखा'ची पाटी अशा तासाला उलटी करून ठेवा, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा म्हणजे तक्रार येत नाही.

कपाटांना कुलूप ही अजून एक सवय. मला भीती कळते, पुस्तक हरवलं की दाखल नोंदवहीसमोर जाब आपल्यालाच द्यावा लागतो. पण कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पुस्तकांची पेटी वाचकांसाठी जगभर फिरते आणि आपलं कपाट स्टाफरूमपर्यंत जात नाही, हे नाशकात तरी शोभत नाही. मी वर्गात वीस पुस्तकांची पेटी ठेवते, दोन मुलं जबाबदार, वर्गशिक्षकांची सही, महिन्याने बदल. एखादं पुस्तक जातं कधीतरी. मुख्याध्यापकांना हे आधीच सांगून लेखी घ्या, नंतर नको.

आणि एवढं करून सर मध्येच सुटले तर? आमच्याकडे झालंच की, चाचणी आली आणि भूगोलाचे सर म्हणाले, "बाई, दिवाळीनंतर बघू." मागे लागू नका, वरती तक्रार तर अजिबात नको, एकदा केली की तो माणूस कायमचा गेला. मी काय केलं, पोरांचा अर्धवट नकाशा स्टाफरूममध्ये चहाच्या टेबलावर लावून टाकला. त्यात गंगापूर धरण चुकून होळकर पुलाच्या खालच्या बाजूला आलं होतं, मला दिसलं होतं, मी मुद्दाम तसंच ठेवलं. सरांनी कप हातात धरूनच लाल पेनने ते खोडलं, आणि गुरुवारी तासाला आमच्या आधी येऊन बसले होते, नकाशाची गुंडाळी काखेत.