महागडा ऑडिओ कन्व्हर्टर घ्यावा का, हे घरच्या घरी कसे तपासावे

घरातल्या एका खोलीत माइक लावून स्वतःचे गाणे मुद्रित करणाऱ्या हौशी माणसाच्या मनात एक शंका हमखास येते. आपले मुद्रण आणि नावाजलेल्या स्टुडिओतले मुद्रण एकापाठोपाठ एक ऐकले की आपले काहीसे पातळ आणि धूसर वाटते, आणि दोष माइक संगणकाला जोडणाऱ्या लहानशा ऑडिओ इंटरफेसवर टाकला जातो. त्यातला कन्व्हर्टर साधा आहे, कित्येक पट किमतीचा घेतला की आवाज मोकळा होईल, अशी समजूत होते. एका वेळी एक-दोन माइक वापरणाऱ्या हौशी ध्वनिमुद्रकाला हा खर्च जवळजवळ कधीच फळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते कुणी माझ्या शब्दावर स्वीकारू नये, कारण खात्री करून घेण्यासाठी लागणाऱ्या दोन चाचण्या घरातल्याच सामग्रीवर एका संध्याकाळी करता येतात.

कन्व्हर्टरचे काम दुहेरी असते. माइककडून आलेल्या विद्युतदाबाचे सेकंदाला हजारो वेळा मोजमाप घेऊन त्याचे आकडे करायचे आणि ऐकताना त्याच आकड्यांपासून पुन्हा सलग विद्युतदाब तयार करायचा. हे काम एके काळी खरोखरच अवघड आणि खर्चिक होते. सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यायचे असतील तर २२,०५० हर्ट्झच्या वरचे काहीही आत येता कामा नये, आणि २०,००० हर्ट्झपर्यंतचे सारे मात्र जसेच्या तसे आले पाहिजे. एवढ्या अरुंद पट्ट्यात आवाज कापणारे फिल्टर सुटे भाग जोडून बनवावे लागत आणि त्यांचा परिणाम ऐकू येण्याजोग्या पट्ट्यातही उतरत असे. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा फिलिप्सच्या पहिल्या प्लेयरमध्ये १४ बिटांची चिप होती आणि चौपट ओव्हरसॅम्पलिंग करून, म्हणजे मूळ दराच्या चौपट नमुने बनवून, तिच्याकडून १६ बिटांच्या तोडीचे काम करून घेतले जात होते. पुढे डेल्टा-सिग्मा पद्धतीच्या चिपा रूढ झाल्या. त्या सेकंदाला लाखो नमुने घेतात आणि अवघड फिल्टर गणिताने, चिपच्या आतच पार पाडतात. अवघडपणा असा सिलिकॉनमध्ये गेल्यामुळे चांगला कन्व्हर्टर स्वस्त झाला, परंतु त्या जुन्या काळात कमावलेला महागड्या पेट्यांचा दरारा अजूनही टिकून आहे.

प्रश्न नीट सोडवायचा असेल तर तो डेसिबलमध्ये मांडावा लागतो. एक बिट म्हणजे साधारण ६ डेसिबल. त्या हिशेबाने १६ बिटांत सुमारे ९८ डेसिबलचा पल्ला मिळतो, म्हणजे सर्वांत मोठा आवाज आणि यंत्राचा स्वतःचा गोंगाट यांत तेवढे अंतर राहते. २४ बिटांचा कागदावरचा पल्ला १४० डेसिबलच्या पुढे जातो, पण विद्युतमंडलातील उष्णतेमुळे निर्माण होणारा गोंगाट कुणालाही टाळता येत नाही. त्यामुळे साध्या इंटरफेसमध्ये प्रत्यक्षात साधारण १०५ ते ११५ डेसिबल मिळतात, तर उत्तम आणि महाग यंत्रांत १२० किंवा थोडे अधिक. हा फरक खरा आहे आणि मोजताही येतो. मात्र त्या साखळीत कन्व्हर्टरच्या आधी काय काय बसलेले आहे, तेही पाहिले पाहिजे. न्यूमनच्या यू ८७ एआय या जगभर वापरल्या जाणाऱ्या माइकचा स्वतःचा गोंगाट कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेण्याच्या) स्थितीत १२ डेसिबल-ए (कानाच्या संवेदनशीलतेनुसार मोजलेले डेसिबल) आहे आणि तो ११७ डेसिबलपर्यंतचा आवाज विकृतीविना घेतो, म्हणजे त्याचा एकूण पल्ला १०५ डेसिबलचा झाला. स्टुडिओतला हा मानाचा माइकदेखील साध्या इंटरफेसच्या पल्ल्यात मावतो. शिवाय घरातली शांत म्हणवली जाणारी खोली ३० डेसिबलच्या आसपास गुणगुणत असते, आणि माइकपाशी गायकाचा सर्वांत चढा सूर ११० डेसिबल धरला तरी हाती ८० डेसिबलच उरतात.

पहिली चाचणी हाच हिशेब तुमच्या खोलीत करण्याची आहे. माइक नेहमीच्या जागी लावावा, नेहमीच्या ताकदीने गाऊन सर्वांत मोठा सूर पूर्ण पातळीच्या, म्हणजे यंत्रात मावणाऱ्या कमाल आवाजाच्या, १० डेसिबल खाली राहील इतका गेन (आवाज वाढवण्याचे प्रमाण) ठेवावा, आणि मग त्याच गेनवर खोलीत कुणीही हालचाल न करता अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित करावी. त्यानंतर माइकची केबल काढून गेन अगदी कमी करावा आणि तेवढ्याच वेळाचे दुसरे मुद्रण करावे. यात मुख्यतः कन्व्हर्टरचा स्वतःचा गोंगाट असतो. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रामात दोन्ही मुद्रणांची आरएमएस, म्हणजे सरासरी, पातळी वाचता येते. समजा पहिली उणे ६० आली आणि दुसरी उणे १००, तर कन्व्हर्टर तुमच्या खोलीच्या ४० डेसिबल खाली आहे. दोन गोंगाट एकत्र आले की लहान गोंगाट मोठ्यात फार थोडी भर घालतो: तो १० डेसिबल खाली असेल तर एकूण पातळी ०.४ डेसिबलने वाढते, २० डेसिबल खाली असेल तर ०.०४ डेसिबलने. ४० डेसिबल खालच्या गोंगाटाची भर कोणत्याही कानाला कळण्यासारखी नाही, आणि तो आणखी १० डेसिबल खाली नेण्यासाठी दिलेले पैसे मुद्रणात कुठेही उतरत नाहीत. दोन आकड्यांतले अंतर १० डेसिबलहून कमी निघाले तरच कन्व्हर्टरकडे संशयाने पाहावे.

माझ्या स्वतःच्या मुद्रणांत एक बारीक खरखर बरेच दिवस होती आणि ती इंटरफेसची आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. वरची चाचणी केली तेव्हा ती संगणकाच्या पंख्याची निघाली. संगणक टेबलाखाली, माइकच्या पाठीमागच्या बाजूला सरकवला आणि माइक ४० सेंटिमीटरवरून २० सेंटिमीटरवर आणला. अंतर निम्मे केले की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा गोंगाट आहे तिथेच राहतो, म्हणजे एका अख्ख्या बिटाइतकी कमाई काहीही विकत न घेता होते. जवळून गाताना खर्ज फुगतो आणि ‘प’, ‘फ’ हे वर्ण फुटतात, तेव्हा माइकपुढे पॉप फिल्टर लावावा आणि खालचे सूर थोडे कापावेत, एवढी काळजी मात्र घ्यावी लागते.

गोंगाटाचा निकाल लागला तरी ‘मोकळेपणा’, ‘गहिरेपणा’, ‘तपशील’ असे शब्द उरतातच, आणि त्यांच्यासाठी दुसरी चाचणी आहे. तिला लूपबॅक म्हणतात. तुम्हाला पाठ असलेले आणि उत्तम मुद्रित झालेले एखादे गाणे इंटरफेसच्या लाइन आउटपुटातून बाहेर काढून, केबलने त्याच इंटरफेसच्या लाइन इनपुटात आणून पुन्हा मुद्रित करायचे. इनपुट माइकचे नसून लाइनचे आहे आणि मुद्रित होणारा आवाज पुन्हा आउटपुटाकडे वळत नाही, याची आधी खात्री करावी. तसे झाले तर आवाज फिरत राहून वाढत जाईल आणि कानांना व स्पीकरना इजा होऊ शकते. पूर्ण पातळीपासून काही डेसिबल मोकळे ठेवून २४ बिटांत मुद्रण करावे. गाण्याआधी १,००० हर्ट्झचा एक सलग स्वर जोडला तर परतलेल्या आवाजाची पातळी मूळाशी तंतोतंत जुळवता येते, आणि ही जुळवणी ०.१ डेसिबलच्या आत असणे अत्यावश्यक आहे. किंचित मोठा आवाज कानाला मोठा न वाटता चांगला वाटतो. दोन यंत्रांच्या तुलनेतले कित्येक ‘जमीन-अस्मानाचे’ फरक या एकाच कारणाने निर्माण झालेले असतात. परतलेली प्रत पुन्हा त्याच वाटेने पाठवत दहा फेऱ्या केल्या, तर कन्व्हर्टरचा जो काही दोष असेल तो दहा वेळा साठतो.

आता मूळ आणि प्रत यांची तुलना डोळे झाकून करायची, आणि त्यासाठी एबीएक्स नावाची रीत वापरायची. फूबार २००० या मोफत प्लेयरला तिची जोड मिळते. प्रोग्राम अ आणि ब ऐकवतो, मग त्यांपैकी एक ‘क्ष’ म्हणून निवडतो आणि तो कोणता हे तुम्ही ओळखायचे. १६ वेळा करावे. १२ किंवा त्याहून अधिक उत्तरे बरोबर आली तर ती निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते, तेव्हा फरक खरोखर ऐकू येतो असे मानायला हरकत नाही. किती वेळा करायचे हे सुरुवातीलाच ठरवावे आणि मनासारखा आकडा आला म्हणून मध्येच थांबू नये. आधी दहाव्या फेरीची प्रत घ्यावी. तीच ओळखता आली नाही, तर एका फेरीने तुमचे गाणे बिघडत असल्याची चिंता सोडून द्यावी. ती ओळखता आली, तर पाचव्या आणि पहिल्या फेरीकडे यावे. पहिली फेरी १२ वेळा ओळखणारा ऐकणारा भेटला तर त्याने नवे यंत्र जरूर पाहावे, कारण त्याच्यापाशी त्यासाठी सबळ कारण आहे.

या चाचणीचा मोठा भाऊ म्हणता येईल असा प्रयोग मेयर आणि मोरन या संशोधकांनी केला आणि तो २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उच्च दर्जाच्या डिस्कवरचा आवाज थेट, आणि मधे १६ बिट व ४४.१ किलोहर्ट्झच्या कन्व्हर्टरांची फेरी घालून, असा दोन्ही प्रकारे ऐकवला. एकूण ५५४ वेळांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे ४९.८ टक्के, नाणे उडवूनही इतकेच येते. याच्या उलट बाजूचा पुरावाही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. २०१६ मध्ये राइस या संशोधकाने असाच उच्च दर्जाचा आवाज ओळखता येतो का हे पाहणाऱ्या १८ अभ्यासांतील साडेबारा हजारांहून अधिक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले, आणि कान तयार केलेल्या श्रोत्यांचे त्याहून अधिक. म्हणजे काही फरक असूही शकतो. तो इतका बारीक आहे की खोली, माइक आणि गायकाची त्या दिवसाची तब्येत यांच्यापुढे त्याचा विचार सर्वांत शेवटी यावा.

एक गैरसमज मात्र इथेच दूर केला पाहिजे. नमुन्यांपासून तयार झालेला आवाज जिन्याच्या पायऱ्यांसारखा तुटक असतो आणि अधिक नमुने घेतले की पायऱ्या बारीक होतात, असे चित्र सर्रास काढले जाते. ते चुकीचे आहे. नमुन्यांच्या दराच्या निम्म्याहून खालचा प्रत्येक स्वर त्या नमुन्यांतून सलगपणे परत मिळतो; शॅनन यांनी १९४९ मध्ये याची गणिती मांडणी प्रसिद्ध केली आणि कन्व्हर्टरमधला फिल्टर नेमके तेच काम करतो. नमुने घेण्याचा ताल राखणारे वेगळे क्लॉक विकत घेऊन आवाज सुधारतो ही समजूतही तशीच सोडून द्यावी. दोन-तीन यंत्रे एकत्र चालवायची असतील तेव्हा सामाईक क्लॉक लागते. एकट्या यंत्राला त्याच्या आतला स्फटिक पुरेसा असतो.

महाग यंत्र घेण्याची चांगली कारणे आहेत, आणि ती बहुधा आवाजाच्या पोताशी संबंधित नसतात. संपूर्ण ड्रमसंच मुद्रित करायचा असेल तर आठ किंवा अधिक इनपुट लागतात. कॉम्प्रेसरसारखी (आवाजातले चढउतार आवळणारी) बाहेरची यंत्रे वापरणाऱ्याचा आवाज पुन्हा पुन्हा आत-बाहेर जातो आणि ती यंत्रे २० डीबीयूहून (डीबीयू हे विद्युतदाबाच्या पातळीचे एकक) मोठी पातळीही देऊ शकतात, जी साध्या इंटरफेसच्या इनपुटाला झेपेलच असे नाही. सर्वांत मोठे कारण म्हणजे ड्रायव्हर, म्हणजे यंत्राला संगणकाशी बोलायला लावणारा प्रोग्राम. ४८ किलोहर्ट्झवर १२८ नमुन्यांचा बफर, म्हणजे नमुने पुढे पाठवण्याआधी साठवण्याची जागा, ठेवला तर त्या एका टप्प्यात २.७ मिलिसेकंदांचा उशीर होतो. तेवढ्या वेळात आवाज हवेतून सुमारे ९० सेंटिमीटर जातो, त्यामुळे तो गायकाला जाणवत नाही. परंतु ढिसाळ ड्रायव्हर इतक्या लहान बफरवर तडतडतो, बफर वाढवावा लागतो आणि कानातला स्वतःचा आवाज मागे पडू लागला की गाणे बिघडते. नवी संगणकप्रणाली आल्यावर जुन्या यंत्रासाठी वर्षानुवर्षे ड्रायव्हर देत राहणारा उत्पादक असेल, तर त्याला थोडे अधिक पैसे देणे मला योग्य वाटते.

माहितीपत्रक वाचताना चिपचे नाव पाहून भुलू नये. १३० डेसिबलची चिप बसवलेल्या पेटीचा प्रत्यक्ष पल्ला तिच्या भोवतीच्या मंडलावर ठरतो. ए-वेटिंग, म्हणजे वर आलेला कानाच्या संवेदनशीलतेनुसारचा हिशेब, लावलेला आकडा साधारण २ डेसिबलने अधिक चांगला दिसतो, म्हणून तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे असावेत. माइकचा क्षीण विद्युतदाब वाढवणाऱ्या प्रीअँपच्या इनपुटाशी मोजलेला गोंगाट उणे १२७ ते उणे १२९ डीबीयू असेल तर त्यावर समाधानी राहावे, कारण १५० ओहमच्या माइकच्या रोधातच उष्णतेमुळे सुमारे उणे १३१ डीबीयूचा गोंगाट असतो आणि त्याच्या खाली पैशाने जाता येत नाही.

वाचलेला खर्च कुठे करावा, याचे उत्तर बहुतेक वेळा खोलीच्या भिंतींपाशी मिळते. ४ मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमतो. काही ठिकाणी तो १० डेसिबलनेही फुगतो आणि काही ठिकाणी जवळजवळ नाहीसा होतो. अशा खोलीत बसून मिश्रण करणारा माणूस खर्जाबद्दल घेत असलेला प्रत्येक निर्णय त्या फुगवट्यावर किंवा खळग्यावर बेतलेला असतो, आणि कोणताही कन्व्हर्टर ते दुरुस्त करू शकत नाही. बसण्याची जागा भिंतीपासून पुढे सरकवणे, पहिले परावर्तन जिथून येते तिथे निदान १० सेंटिमीटर जाडीचे शोषक लावणे, आणि मोजणीचा माइक व रूम इक्यू विझार्ड हा मोफत प्रोग्राम वापरून आधी आणि नंतरचा आलेख पाहणे, या क्रमाने काम करावे. शांततेच्या दोन मुद्रणांचे आकडे आणि लूपबॅकची दहावी प्रत मात्र जपून ठेवावी. पुढे कधी मित्राकडून किंवा भाड्याने महागडे यंत्र काही दिवसांसाठी हाती आले, तर त्याच जागी, त्याच माइकवर, त्याच गेनच्या हिशेबाने हीच दोन कामे त्याच्यावर करावीत आणि दोन्ही यंत्रांचे आकडे शेजारी-शेजारी लिहून मगच पैसे मोजावेत.