डबे बंद पडू नयेत म्हणून

२२ सप्टेंबर २०२३ ला महालक्ष्म्यांचं जेवण होतं. दिवसभर पुरणाच्या ऑर्डरी काढून आम्ही आडवे झालो, आणि पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला. नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं, तळमजल्यावरचं माझं डब्यांच्या धंद्याचं स्वयंपाकघरही त्यात आलं. दार उघडलं तर सिलिंडर पाण्यावर डुलत होता. कणकेच्या पोत्याचा चिखल झाला होता. ६२ डबे जायचे होते, एकही गेला नाही.

सकाळी आठला धरमपेठेतल्या एका आजीचा फोन आला. "इन्शुलिन घेऊन बसले ग, डबा कधी येतो?"

म्हणून पहिलं काम हे करा: कोणाचा डबा थांबला तर चालेल आणि कोणाचा नाही, ते आधीच ठरवून ठेवा. होस्टेलचे पोट्टे एक वेळ पोहे-समोशावर काढतात, वर मला दोन शिव्या देतात, बस. पण एकटी म्हातारी माणसं, मधुमेहाचे पेशंट, बाळंतीण हे थांबू शकत नाहीत. माझ्याकडे असे १४ आहेत. त्यांची नावं, पत्ते, फोन, पथ्य आणि शेजाऱ्याचा नंबर एका कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत माळ्यावर ठेवलंय. यादी मोबाईलमध्येही आहे, पण पुरात मोबाईलही पाण्यात जाऊ शकतो.

दुसरं, अडचणीच्या दिवसाचा वेगळा मेनू ठेवा. माझा ठरलेला आहे: मुगाची खिचडी आणि कढी, नाहीतर पिठलं-भात. एका शेगडीवर होतं, फ्रीज लागत नाही आणि मुख्य म्हणजे पोळ्या लागत नाहीत. पोळ्यांच्या बायका महाल भागातून येतात. मार्च २०२५ मध्ये तिकडे संचारबंदी लागली तेव्हा दोघींना घराबाहेर पडता येईना. त्या दिवसांत खिचडीनेच धंदा तारला. त्यांची मजुरी मात्र कापू नका. पुढच्या वेळी त्याच धावून येतात.

मे महिन्यातली लाइन (वीज) जाणं हे वेगळंच प्रकरण. पारा ४५ वर असला की मळलेली कणीक बघता बघता आंबते, म्हणून एकदम मळत नाही, तीन घाण्यांत मळते. लाइन गेली की फ्रीजला हात लावायचा नाही. दार बंद राहिलं तर आतला थंडावा चारेक तास टिकतो. त्यापुढे दही-पनीर वापरण्याचा मोह टाळा. जनरेटर आणलात तर तो अंगणातच चालवा. त्याचा धूर बंद खोलीत जीव घेतो.

पाण्याची तयारी म्हणजे सिलिंडर भिंतीला साखळीने बांधणं, धान्याच्या कोठ्या कमरेच्या वर चढवणं आणि बटणांचे बोर्ड उंचावर घेणं. पाणी शिरू लागलं की कोरड्यात असतानाच मेन स्विच पाडा. पाण्यात उभं राहून त्याला शिवू नका. गॅसचा वास आला तर १९०६ वर फोन करा. पुराचं पाणी लागलेलं धान्य फेकून द्या, ऊन दाखवून वापरायचं नाही. बाप्पा, जीव तुटतो, पण फेका.

विम्याचं सांगते. लहान धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची पॉलिसी २०२१ पासून आहे, तिच्यात पूरही धरलेला असतो. माझ्याकडे तेव्हा नव्हती. आता दर सहा महिन्यांनी फ्रीज, शेगड्या, कोठ्यांचे फोटो आणि बिलं मुलीला पुण्याला पाठवते. कागद घरातच ठेवला तर तोही भिजतो.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे दुसरी चूल. त्रिमूर्तीनगरात डबे करणारी एक मैत्रीण आहे. नदीचं पाणी तिच्यापर्यंत येत नाही. आमचं बोलणं झालंय: कोणाचं घर बंद पडलं तर दुसरीच्या ओट्यावर स्वयंपाक, किराण्याचा खर्च ज्याचा त्याने, गॅसचे पैसे वेगळे. हे पैशाचं आधी बोला, नंतर मैत्री अवघड होते.

आणि जूनमध्ये, पावसाआधी, एक दिवस खरंच तिथून डबे काढून बघा. मी गेल्या वर्षी काढले तर माझा गंज (मोठं पातेलं) तिच्या शेगडीवर बसेना, आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरायला दोघींत एकच विळी. डबे पाऊण तास उशिरा गेले. यंदा तिच्या शेगडीवर बसेल असा एक गंज आणि एक विळी तिच्याकडेच ठेवून आले.