घरच्या ट्रेडमिलची मांडणी आणि पहिली चाल

भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिल लावली की खोली मोकळी दिसते, पण पाय घसरला तर माणूस मागे फेकला जातो. म्हणून मागे 2 मीटर आणि दोन्ही बाजूंना अर्धा मीटर जागा रिकामी हवी. मागे पलंग किंवा कपाट नको. मशीन डुगडुगत असेल तर खालचे पाय फिरवून समतल करा. प्लग अर्थिंग असलेल्या स्वतंत्र सॉकेटमध्येच. एक्स्टेन्शन बोर्ड तापतो.

पट्ट्यावर उभे राहून मशीन कधीच सुरू करू नका. कडेच्या न हलणाऱ्या पट्ट्यांवर पाय ठेवा, सेफ्टी कीची (ओढली गेली की मशीन बंद करणारी किल्ली) क्लिप कपड्याला लावा, वेग ताशी 1 किमी ठेवा आणि मगच पट्ट्यावर या. पहिली 5 मिनिटे वेग ताशी 3 ते 4 किमी. क्लिप लावायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, तरी लावाच.

पट्टा डावीकडे सरकला तर मागचा डावा बोल्ट घड्याळाच्या दिशेने फक्त पाव फेरा फिरवा, मिनिटभर रिकामा चालवून बघा. एकदम जास्त आवळला तर मोटरवर ताण येतो. पट्ट्याखाली सिलिकॉन तेलच. खोबरेल अजिबात नको.

व्यायाम संपला की सेफ्टी की काढून मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.