दरोडेखोरांची गोष्ट पोरांना कशी सांगायची

आमच्या निपाणीच्या वाचनालयात पोरांना मंदीच्या काळातले अमेरिकन दरोडेखोर हवे असतात. मी यंग भावांपासून सुरुवात करतो, तुम्हीही करा.

आधी फळ्यावर घर काढा. मिसुरीत स्प्रिंगफिल्डजवळचं ब्रुकलाइन, आईचं शेतातलं घर, आत हॅरी आणि जेनिंग्ज. तारीख २ जानेवारी १९३२. चोरीची गाडी विकायला गेलेल्या बहिणी पकडल्या गेल्या, म्हणून दहाएक पोलीस भावांना धरायला निघाले.

इथे अजिबात घाई नको. पोलिसांकडे पिस्तुलं, आडोशाला एखादं झाड. भावांकडे छऱ्यांची बंदूक, रायफल आणि भिंतीचा आडोसा. खडूनं हे दाखवलं की सहा पोलीस का मेले ते पोरांना सांगावं लागत नाही. मागचं दार फोडून आत शिरताना शेरीफ (तिथल्या परगण्याचे पोलीसप्रमुख) मार्सेल हेन्ड्रिक्स गेले. त्यांचं नाव फळ्यावर लिहाच, भावांचीच नावं लक्षात राहणं मला सहन होत नाही.

तीन दिवसांनी टेक्सासमधल्या ह्यूस्टनमध्ये भाऊ घेरले गेले आणि मेले, एवढंच पुरे.

"गरिबीमुळे बिघडले का हो, गुरुजी?" कोणीतरी विचारतंच. तेव्हा सांगा, हॅरीनं रिपब्लिक गावचा मार्शल, म्हणजे पोलीस अधिकारी, मारला तो जून १९२९ मध्ये. मंदी आली ती शेअर बाजार कोसळल्यावर, त्याच वर्षी ऑक्टोबरात.