पुढचा ड्रम उघडताय? या चुका टाळा

जुन्या गाडीचं ब्रेक पेडल खाली जायला लागलं किंवा ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढायला लागली, की पहिला पाना ब्रेकचं अंतर जुळवणाऱ्या अ‍ॅडजस्टरवर पडतो. गडबड तिथूनच सुरू होते. पुढचा ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणारा ब्रेकचा डबा, फिरतो तो बेअरिंगवर. बेअरिंग ढिलं असेल तर ड्रम डगमगतो, शू (ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या कमानी) मागे ढकलले जातात आणि पेडल जास्त दाबावं लागतं. हबचं (बेअरिंग बसतं तो चाकाचा मधला भाग) सील गळत असेल तर ग्रीस थेट लायनरवर, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या अस्तरावर. म्हणून आधी बेअरिंग, मग ब्रेक. क्रम चुकला तर तेच काम पुन्हा करायचं.

आधी दोष कुठे आहे ते बघा. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर नाही), चाक वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट, म्हणजे चाक वळतं ते सांधे.

ड्रम निघत नसेल तर हातोडा बाजूला ठेवा. झिजलेल्या ड्रमच्या आत कडेला लिप तयार होतो आणि शू त्यात अडकतात. अ‍ॅडजस्टर मागे घेतला की ड्रम सुटतो. आतली धूळ हवेने उडवू नका; जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करूनच पुसा.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे हबचा नट घट्ट आवळून ठेवणं. टेपर रोलर बेअरिंगला किंचित मोकळीक लागते, साधारण 0.03 ते 0.12 मिमी, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. शू ड्रमला टेकू न देता ड्रम फिरवत नट आवळा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट पूर्ण सैल करून नुसत्या बोटांनी परत लावा. स्प्लिट पिनचं (नट फिरू न देणारी दुमडायची पिन) भोक जुळत नसेल तर नट मागे घ्या, पुढे कधीच नाही. पिन दर वेळी नवी. काही गाड्यांत मात्र बॉल बेअरिंगच्या मध्ये स्पेसर असतो आणि नट ठरलेल्या टॉर्कने घट्टच करायचा असतो. बीटलसारख्या गाडीत डाव्या चाकाचा नट उलट्या आट्याचा असतो; जोर लावण्याआधी आटे बघा.

ग्रीस वरून फासून भागत नाही. जुनं सगळं रॉकेलने धुवा, बेअरिंग पूर्ण वाळू द्या, पण कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नका. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहा, दुसऱ्या बाजूने रोलरांमधून ग्रीस डोकावेपर्यंत. हब मात्र गच्च भरू नका. तापल्यावर ते सीलमधून वाट काढतं. बेअरिंग बदलताना हबमधला जुना कप (बेअरिंगची बाहेरची कडी) तसाच ठेवून फक्त आतला भाग नवा टाकणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं. नवा कप ठोकताना तो तळाशी टेकला की आवाज बदलतो, बद्द ऐवजी खणखणीत येतो. तोवर थांबू नका. सील नवीनच टाका, यात काटकसर नको.

ब्रेकच्या बाजूला एका वेळी एकच चाक उघडा. स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे विसरलात तर दुसरं चाक समोर असतं. व्हील सिलिंडरच्या (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा भाग) रबरी बूटाची कड उचलून बघा, आत ओल दिसली तर सिलिंडर गळतोय. त्या रबराला पेट्रोल किंवा साधं ग्रीस लावलंत तर ते फुगतं. ग्रीस प्यायलेलं लायनर धुऊन वाळवलं तरी तापल्यावर पुन्हा पाझरतं. बदलायचं तर दोन्ही चाकांचं एकदम, नाहीतर ओढ कायम राहते.

सगळं बसवून, चालवून आल्यावर एकच हब हाताला चटका देत असेल, तर लगेच नट सोडू नका. चाक उचला, ब्रेक दाबून सोडा आणि फिरवून बघा. जड वाटलं तर त्या चाकाचा ब्लीडर (ब्रेक ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) उघडा. चाक मोकळं झालं तर दाब अडकून राहतोय. चारही चाकांना हाच त्रास असेल तर मास्टर सिलिंडर (पेडलजवळचा, सगळ्या चाकांना दाब देणारा), एकालाच असेल तर बहुतेक ब्रेक होज (ऑइलची रबरी नळी) आतून फुगलेला असतो. ब्लीडर उघडूनही चाक जडच राहिलं, तर शूची अ‍ॅडजस्टमेंट आणि रिटर्न स्प्रिंग तपासा, मग नट.