‘आजोबा गेले’ म्हणजे कुठे गेले? घरात मृत्यू झाल्यावर मुलांशी वागताना या चुका टाळा

माझी भाची पाच वर्षांची असताना तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील वारले. ताई माणसांच्या गराड्यात होती, त्यामुळे पोरीला सांगायचं काम माझ्यावर आलं. मी म्हणाले, “आजोबा झोपलेत गं. आता ते उठणार नाहीत.” तिने मान डोलावली. मला वाटलं, सुटले. त्यानंतर रोज रात्री ती उठायची, अंधारात चाचपडत ताईपाशी जायची आणि दोन बोटांनी तिची पापणी वर करून बघायची. ताई दचकून ओरडली की ही निवांत आपल्या जागी जाऊन पडायची. हे काय चाललंय ते कळायला आम्हाला आठवडा लागला.

पुढे जवळचं माणूस गमावलेल्या मुलांसोबत काम करण्याचं प्रशिक्षण घेतलं, तेव्हा पहिल्याच दिवशी हा ‘झोपलेत’चा विषय निघाला आणि मी खाली मान घालून बसले. त्यानंतर पाहिलेल्या आणि स्वतः केलेल्या चुका इथे लिहिते आहे.

गोड शब्द वापरणं

मरण टाळायला आपल्या भाषेत शब्दांची कमी नाही. गेले, सोडून गेले, देवाघरी गेले, तारा झाले. मोठ्यांना त्यातलं न बोललेलं कळतं, पण लहान मूल शब्द जसाच्या तसा घेतं. गेले, तर येणार कधी? सोडून का गेले, माझं काही चुकलं? देवाने चांगल्या माणसाला नेलं, मग चांगलं वागायचं की नाही?

‘मेला’ हा शब्द आपण एरवी चिडून वापरतो, म्हणून तो तोंडातून निघत नाही. हरकत नाही, ‘मृत्यू झाला’ म्हणा. मात्र त्याचा अर्थ लगेच सांगा: “आजोबांचं शरीर बंद पडलं. हृदय चालत नाही, श्वास चालत नाही. त्यांना आता भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, दुखत नाही. शरीर असं बंद पडलं की पुन्हा सुरू होत नाही.” घरात श्रद्धेची भाषा असेल तर ती जरूर वापरा, पण या वाक्यांच्या नंतर, त्यांच्याऐवजी नव्हे. आणि ‘आजारी होते’ एवढ्यावर थांबू नका, नाहीतर पुढच्या सर्दीला मूल हादरेल. आजाराचं नाव घ्या आणि साध्या तापाने असं होत नाही हेही सांगा.

मृत्यू समजायला चार गोष्टी उमगाव्या लागतात: माणूस परत येत नाही, शरीराचं सगळं काम थांबतं, मृत्यू प्रत्येकाला येतो आणि त्याला काहीतरी शारीरिक कारण असतं. बहुतेक मुलांना या गोष्टी साधारण ५ ते ७ वर्षांच्या दरम्यान समजू लागतात, पण सगळ्या एकदम नाही. म्हणून चार वर्षांचं पोर आज सगळं ऐकून घेतं आणि उद्या विचारतं, “आजोबा माझ्या वाढदिवसाला येणार ना?” वैतागू नका. तेच उत्तर, शक्यतो त्याच शब्दांत, पुन्हा द्या. आपल्याला ते चौदाव्यांदा सांगताना गलबलतं, ती गोष्ट वेगळी.

आत्महत्या असेल तर लपवण्याचा मोह सगळ्यात मोठा असतो. पण ते मुलाच्या कानावर येतंच, आणि शेजाऱ्याच्या किंवा वर्गातल्या पोराच्या तोंडून आलं तर मृत्यूच्या जोडीला घरच्यांचा खोटेपणाही पचवावा लागतो. पद्धतीचे तपशील नकोत. “त्याचं मन फार आजारी होतं, त्या आजारात त्याने स्वतःचा जीव घेतला. तुझ्यामुळे नाही” एवढं पुरतं. बाकीचं मूल विचारेल तसतसं.

‘खेळतोय, म्हणजे विसरला’

मोठ्यांचं दुःख झडीच्या पावसासारखं दिवसचे दिवस लागून राहतं. मुलांचं ऊन-पावसासारखं. दहा मिनिटं हुंदके आणि अकराव्या मिनिटाला “मी सायकल खेळायला जाऊ?” हे बघून घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, “त्याला काही कळलेलं नाही.” कळलेलं असतं. सहन होईल एवढंच ते एका वेळी घेतं आणि बाजूला होतं. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या संशोधकांनी १९९९ साली मोठ्यांच्या बाबतीतही हेच मांडलं होतं: शोक करणारा माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांमध्ये ये-जा करत असतो. मुलांमध्ये ही ये-जा नुसत्या डोळ्यांनी दिसते, इतकंच.

रडू न आलेलं दुःख पोटात दुखतं, अंथरूण ओलं करतं, बोबडं बोलू लागतं, आईचा पदर सोडत नाही, गणितात चुका करतं. अशा वेळी “एवढा मोठा झालास आणि…” हे वाक्य गिळून टाका. झोपेची, जेवणाची, शाळेची वेळ जमेल तेवढी पूर्वीसारखी ठेवा. आईबाबांपैकी एक नाहीसं झालेल्या मुलाला आज शाळेतून घ्यायला नक्की कोण येणार, हे सकाळीच माहीत असणं हा फार मोठा आधार असतो.

न विचारलेल्या प्रश्नाची वाट पाहणं

लहान मुलांना वाटतं की मनातल्या विचाराने गोष्टी घडतात. भावाशी भांडताना ‘तू मर’ म्हटलेलं असतं, आईला घट्ट मिठी मारायची राहून गेलेली असते, बाबांनी हाक मारली तेव्हा ‘ओ’ दिलेली नसते. हे कोडं मूल क्वचितच बोलून दाखवतं. ते विचारेल आणि मग आपण समजावू, असं धरून चालाल तर वर्षं निघून जातील. आपणच सुरुवात करायची: “कधी कधी मुलांना वाटतं, आपण काही बोललो, वागलो म्हणून असं झालं. तुला वाटलं का तसं?” उत्तर ‘नाही’ आलं, तरी पुढचं वाक्य म्हणाच: “कुणाच्या बोलण्याने किंवा मनात काही आल्याने कुणी मरत नाही.”

‘आता तूच घरातला मोठा’

या वाक्याचा मला मनापासून राग आहे. तेरा-चौदा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून कुणीतरी काका, शेजारी हे म्हणतो आणि चहा पिऊन निघून जातो. त्या क्षणापासून पोराचं रडणं बंद. कारण रडलं तर आईला कोण सांभाळणार? मग घरातले कौतुकाने सांगतात, “किती समजूतदार झालाय!” मला अशा समजूतदारपणाची भीती वाटते.

किशोरवयीन मुलाला मृत्यू आपल्याइतकाच कळतो. अडचण त्या वयाची असते: घरापासून सुटं व्हायची धडपड चालू असताना अचानक घरच धरून ठेवावं लागतं. त्यामुळे कानात हेडफोन, दार बंद, तिरसट उत्तरं, आणि मित्रांशी मात्र रात्रभर गप्पा. त्यात तुमचा अपमान नाही. समोर बसवून “बोल, मन मोकळं कर” म्हटलं की ती मिटतात. शेजारी बसून प्रवास करताना, भांडी घासताना, नजरेला नजर नसताना अचानक एखादं वाक्य येतं. आलं की लगेच सल्ला देऊ नका. “मग?” एवढंच म्हणा.

काम जरूर सांगा, पण मर्यादेसह: “बिलं भरायला मला मदत कर. पैशांची काळजी मात्र माझी.”

पाच पायऱ्यांचा हिशोब

नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. शोकाच्या पायऱ्या म्हणून ही यादी इतकी पसरली आहे की “हिला अजून राग कसा आला नाही?” असं विचारणारेही मला भेटलेत. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ साली हे टप्पे मांडले, ते स्वतःच्या मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मुलाच्या शोकाचं ते वेळापत्रक नाही.

निरोपातून परस्पर वगळणं

मुलाला अंत्यसंस्काराला ‘न्या’ किंवा ‘नेऊ नका’ असा सरसकट नियम नाही. तिथे काय दिसेल, लोक कसे रडतील, शरीर कसं असेल हे आधी सांगा आणि यायचं का ते मुलाला ठरवू द्या. सोबत एक असा माणूस हवा, जो मूल म्हणेल त्या क्षणी त्याला घेऊन बाहेर पडेल. हा माणूस आई किंवा बाबा नसावा. शाळेत परतण्याआधीही विचारा, वर्गात कुणी काय सांगितलेलं चालेल. नाहीतर सगळा वर्ग एकदम गप्प होतो आणि मुलाला ते जन्मभर आठवतं.

घरभर एकच शोक असावा अशी अपेक्षा

एकाला फोटो समोर हवा, दुसऱ्याला तो बघवत नाही. एक जण सतत आठवणी काढतो, दुसरा दुप्पट काम करतो. मुलं दोघांकडे बघून ‘खरं दुःख कुणाचं’ ते ठरवू लागतात. “बाबांना बोलून हलकं वाटतं, मला गप्प राहून” असं मोकळेपणाने सांगा. त्यांच्यासमोर रडायलाही हरकत नाही, फक्त का रडताय आणि थोड्या वेळाने स्वयंपाक होणार आहे, हे दोन्ही सांगा.

मदत कधी घ्यायची

वर लिहिलेलं बरंचसं हळूहळू निवळतं. पण सहा महिने उलटूनही मूल त्याच जागी अडकलं असेल, शाळा, मित्र, खाणं, झोप सगळंच विस्कटलं असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. “मला आईकडे जायचंय” हे आई गमावलेलं लहान मूल बहुधा ओढीने म्हणतं, तरी ते सोडून देऊ नका. सरळ विचारा: “मरून जावंसं वाटतं का? तसं काही करायचं मनात आलं का?” विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर सहा महिन्यांचा हिशोब नाही: त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा.

मूल वाढतं तसा तोच मृत्यू त्याला नव्याने समजतो, त्यामुळे मिटलेला वाटणारा प्रश्न वर्षांनी पुन्हा उभा राहतो. भाची आता बारा वर्षांची आहे. परवा गाडीत, खिडकीबाहेर बघत तिने विचारलं, “मावशी, तेव्हा तू आजोबा झोपलेत असं का म्हणालीस?”

“मला तो शब्द उच्चारवत नव्हता गं.”

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला वाटायचं आईपण झोपेल.”

“मग?” मी म्हणाले.