साठीनंतर नवी गाणी ऐकताना: कान, यंत्र, ठेका, शब्द

नवं गाणं लागलं की 'नुसती धडधड, शब्द एक कळत नाही' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. ही तक्रार आवडीनिवडीची वाटते, पण तिच्यात बराच वाटा कानाचा, मोबाइलच्या स्पीकरचा आणि गाणं मिक्स करायच्या, म्हणजे गळा आणि वाद्यं एकत्र बसवायच्या, बदललेल्या पद्धतीचा असतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कान, मग यंत्र, मग ठेका, मग शब्द. गाणं चांगलं की टाकाऊ हा निकाल सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक निकालापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

आधी कान

सूर किती उंच हे हर्ट्झमध्ये मोजतात: आकडा मोठा तितका सूर बारीक. तरुण कानाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. वय वाढतं तसा वरचा भाग आधी जातो. साठीनंतर बऱ्याच जणांना 10-12 हजारांच्या वरचं काहीच ऐकू येत नाही आणि 2,000 ते 8,000 हा पट्टाही फिका पडतो. गडबड इथेच होते. अ, आ, ओ हे स्वर खालच्या भागात ठणठणीत ऐकू येतात, पण स, श, फ, त, थ ही व्यंजनं ओळखू येतात ती याच फिक्या पट्ट्यामुळे. परिणामी कोणीतरी गातंय हे कळतं, काय गातंय ते कळत नाही. बास (जाड, घुमणारा सूर) आणि ड्रम खालच्या भागात असल्यामुळे ते मात्र पुरेपूर पोचतात. म्हणून धडधड.

आवाज मोठा केला तर? बासही तेवढाच वाढतो. शिवाय वयस्कर कानाची एक खोड असते: हळू आवाज ऐकूच येत नाही आणि जरा मोठा केला की एकदम टोचतो. मधली सोयीची जागा अरुंद झालेली असते. नातवंडांना हे कळत नाही, त्यांना वाटतं आजोबा एकदा 'ऐकू येत नाही' म्हणतात आणि लगेच 'कान फुटले' म्हणतात. दोन्ही खरं असतं.

काय करायचं: पहिल्यांदा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कानातला मळ तपासून घ्या. घट्ट मळानेही ऐकणं कमी होतं, आणि कापसाची काडी घातली की तो आणखी आत जातो. नंतर ऑडिओमेट्री. साधारण 250 ते 8,000 हर्ट्झपर्यंतचे सूर दोन्ही कानांना वेगवेगळे ऐकवून आलेख काढतात. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ही तपासणी होते. इतर शहरांत ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, होते. आलेखाचा कागद जपून ठेवा, पुढे लागेल.

श्रवणयंत्र असेल तर एक गोष्ट मागून घ्या: संगीतासाठी वेगळा प्रोग्राम. यंत्र मुळात बोलणं ऐकण्यासाठी बसवलेलं असतं. शिट्टी रोखणारी त्यातली सोय बासरीचा लांब सूर म्हणजे शिट्टीच समजते आणि तो थरथरवते. गोंगाट कमी करणारी सोय तंबोऱ्याला पंख्याची घरघर समजून दाबते. संगीताच्या प्रोग्राममध्ये या दोन्ही सोयी बंद किंवा अगदी कमी ठेवतात. ऑडिओलॉजिस्टकडे जाताना मोबाइलवर दोन गाणी घेऊन जा, एक जुनं आणि एक नवं, आणि तिथेच ऐकून बदल करून घ्या. घरी आल्यावर आठवून सांगता येत नाही.

यंत्र

मोबाइलच्या स्पीकरवर नवं गाणं ऐकू नका. जुन्या गाण्याचं त्यावर फारसं बिघडत नाही, कारण गाणं आवाजावर आणि मधल्या पट्टीतल्या वाद्यांवर उभं असतं. नव्या गाण्याचा पाया 40 ते 100 हर्ट्झमध्ये असतो आणि मोबाइलचा एवढासा स्पीकर तिथवर उतरतच नाही. पाया गळतो, वरची टकटक उरते. कानावरून बसणारा, वायरचा साधा हेडफोन सगळ्यात बरा. तो नको असेल तर थोरला ब्लूटूथ स्पीकर. घरात कारवां (जुनी गाणी भरूनच येणारा रेडिओसारखा स्पीकर) पडून असेल तर त्याला ब्लूटूथ असतं. 5,000 जुन्या गाण्यांपुरताच तो ठेवायची गरज नाही.

आता मोबाइलमधल्या तीन गोष्टी एकदाच करून टाका.

1. मोनो ऑडिओ, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूचा आवाज एकत्र करून दोन्ही कानांत देणारी सोय. एका कानाने कमी ऐकू येत असेल तर हे हवंच. नव्या मिक्समध्ये गायकाच्या आवाजाच्या जादा प्रती, गिटार, कोरस असं बरंच काही डावी-उजवीकडे वाटलेलं असतं. एका बाजूचं तुमच्यापर्यंत येतच नाही. आयफोनमध्ये सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, ऑडिओ अँड व्हिज्युअल, मोनो ऑडिओ. अँड्रॉइडमध्येही अ‍ॅक्सेसिबिलिटीतच, फक्त कंपनीनुसार जागा थोडी बदलते. आयफोनमध्ये तिथेच 'हेडफोन अकॉमोडेशन्स' आहे. त्यात ऑडिओमेट्रीचा आलेख भरला तर फोन तुमच्या कानानुसार आवाज बदलतो. कागद जपायला सांगितला तो यासाठी.

2. इक्वलायझर, म्हणजे आवाजाचे खालचे-वरचे भाग वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय. आयफोनवरच्या स्पॉटिफाय या गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये सहा पट्टे दिसतात: 60, 150, 400, 1,000, 2,400 आणि 15,000 हर्ट्झ. 60 आणि 150 दोन-तीन डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या जोराचं माप) खाली घ्या, 2,400 तीनने वर. 15,000 ला हात लावू नका. तिथलं तुम्हाला ऐकू येणारच नाही. अँड्रॉइडवर फोनचाच इक्वलायझर उघडतो, बेत तोच. चूक होते ती हावरेपणाने. 2,400 आठ-दहा डेसिबलने वाढवलं की गाणं पत्र्यासारखं वाजतं आणि दहा मिनिटांत डोकं दुखतं.

3. आवाज समान ठेवणारी सोय, म्हणजे व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन. ती चालू करा आणि पातळी 'नॉर्मल' ठेवा. नवी गाणी दाबून दाबून मोठी केलेली असतात, हळू आणि जोरातला फरकच थोडा उरतो. सोय बंद असेल तर 1960 च्या गाण्यानंतर 2024 चं गाणं आलं की हेडफोन काढून फेकावासा वाटतो.

ठेका

ज्यांचा कान केरवा-दादऱ्यावर घडला आहे ते समेवर टाळी देतात. पॉपमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असते. तुम्ही एक आणि तीनवर मान हलवता, गाणं दोन आणि चारवर ओढतं, आणि 'हे काहीतरी तुटक वाटतंय' अशी भावना होते. उपाय पाच मिनिटांचा आहे. गाणं लावा, पायाने चारही मात्रा धरा, हाताने फक्त दोन आणि चारवर टाळी द्या. तिसऱ्या खेपेला हात आपोआप जातो.

मग बोटांवर मोजा. चार मात्रांचं एक आवर्तन धरलं आणि लय मिनिटाला 120 असली तर आवर्तन दोन सेकंदांचं. बदल बहुतेक चार, आठ किंवा सोळा आवर्तनांनी होतो. म्हणजे या लयीत आठ आवर्तनांनी, सोळा सेकंदांनी, काहीतरी नवं येणार हे आधीच कळतं. एकदा मोजायची सवय लागली की 'तेच तेच वाजतंय' ही तक्रार बरीच कमी होते. आठ आवर्तनांत काय वाढलं, काय काढून घेतलं हे ऐकू येऊ लागतं. काढून घेणं महत्त्वाचं. बास एकदम गायब होतो आणि दोन-चार आवर्तनांनी परत कोसळतो, त्याला ड्रॉप म्हणतात. जुन्या गाण्यात दोन अंतऱ्यांमध्ये व्हायोलिनचा म्युझिक पीस जी जागा भरायचा, तीच जागा बऱ्याच नव्या गाण्यांत ड्रॉपने घेतली आहे. तिथे सुरावट शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. तिथे वजन ऐकायचं असतं.

सरावाला क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 2024 चं 'तांबडी चामडी' सोपं आहे. हाऊस या नाचाच्या संगीतप्रकारातलं गाणं, मात्रा-मात्रेवर ठोका, आणि भाषा मराठी. रॅपच्या बऱ्याच गाण्यांत मात्र फसगत होते: वरची हाय-हॅटची (ड्रमसेटमधल्या झांजेची) तडतड दुगुण-चौगुणीत, पण टाळी तिसऱ्या मात्रेवर एकदाच. तडतडीला लय समजलात तर दमछाक होते. टाळी धरा, गाणं विलंबित निघतं.

शब्द

जुन्या गायकीत आवाज वाद्यांच्या पुढे उभा असायचा. आता गायक माइकला ओठ लावून श्वासासकट गुणगुणतो आणि आवाज वाद्यांच्या मध्येच बसवतात. त्यामुळे बोल समोर ठेवा. स्पॉटिफायवर गाणं चालू असताना खाली लिरिक्स येतात. पहिल्यांदा नुसतं वाचा, दुसऱ्यांदा वाचत ऐका, तिसऱ्यांदा फोन पालथा ठेवा. शब्द माहीत असला की कान तो शोधून काढतो.

मराठी श्रोत्यांची एक वेगळी अडचण आहे. हिंदी म्हणून लावलेलं गाणं निम्मंअधिक पंजाबी निघतं. फार शब्द लागत नाहीत: मैनू म्हणजे मला, तैनू म्हणजे तुला, नाल म्हणजे सोबत, अख म्हणजे डोळा, वेखणा म्हणजे पाहणं, किथे म्हणजे कुठे, हुण म्हणजे आता, जिंद म्हणजे जीव, सोहणा-सोहणी म्हणजे देखणा-देखणी. 'दा, दी, दे' म्हणजे आपलं 'चा, ची, चे'. एवढ्यावर प्रेमगीतांचा मोठा ढीग उलगडतो.

ऑटोट्यूनबद्दल

'यांना गाता येत नाही, मशीन गातं' हे अर्धवट बरोबर आहे. ऑटोट्यून हे सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर 1997 साली आलं. करणारा अँडी हिल्डब्रँड हा तेलाच्या शोधासाठी जमिनीतल्या लहरींचं विश्लेषण करणारा माणूस. सूर जवळच्या नेमक्या स्वरावर किती वेगाने ओढायचा हे त्यात ठरवता येतं. वेग कमी ठेवला तर दुरुस्ती कळतही नाही. वेग टोकाला नेला की एका स्वरातून दुसऱ्यात आवाज पायरीसारखा उडी मारतो. 1998 मध्ये शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह'मध्ये तो मुद्दाम तसा वापरला आणि तेव्हापासून तो एक रंगच झाला. आपल्या कानाला तो खुपतो याचं कारण साधं आहे: मींड म्हणजे दोन स्वरांमधला प्रवास, आणि पायरीत तो प्रवासच उरत नाही. मुद्दाम लावलेलं ऑटोट्यून हार्मोनियमसारखं ऐका, गळ्यासारखं नको. तरी नाही रुचलं तर नाही रुचलं. इथे नावडण्याला कारण आहे.

कुठून शिरायचं

रिमिक्समधून शिरू नका. ओळखीचं गाणं आहे म्हणून सोपं जाईल असं वाटतं, पण मन प्रत्येक ओळीला मूळ गाण्याशी ताडत बसतं आणि नवं गाणं दर ओळीला हरतं. अनोळखी गाणं घ्या, पण त्यात एक तरी धागा ओळखीचा हवा. वाद्यवृंद आवडत असेल तर 2016 चा 'सैराट' हे चांगलं दार. अजय-अतुलनी त्यासाठी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला होता. गायकी हवी असेल तर नव्या गायकांची अनप्लग्ड (मोजक्या साध्या वाद्यांवरची) ध्वनिमुद्रणं आधी, स्टुडिओतली नंतर.

पाच गाणी निवडा, त्याहून जास्त नकोत. प्रत्येक गाणं चार वेगवेगळ्या दिवशी ऐका: एकदा ठेका, एकदा शब्द, एकदा फक्त बास, एकदा सगळं. एकाच बैठकीत चारदा ऐकलं तर कंटाळाच येतो. ओळखीने आवड वाढते हे मानसशास्त्रात जुनं आहे. रॉबर्ट झायोंक यांनी ते 1968 मध्ये मांडलं. जुनी गाणी तरी आपल्याला पहिल्या फटक्यात कुठे आवडली होती? बिनाका गीतमालात आठवड्यामागून आठवडे वाजली तेव्हा ती अंगवळणी पडली.

नातीला 'काहीतरी चांगलं लाव' म्हणू नका. ती तुमच्यासाठी म्हणून जुन्यासारखं काहीतरी मवाळ शोधेल. 'या महिन्यात तू सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं एक लाव' असं म्हणा. आणि गाणं संपेपर्यंत 'हे तर अमक्याची चाल आहे' हे वाक्य गिळा, अगदी खरं असलं तरी.

खातं मात्र स्वतःचं ठेवा. घरात एकच खातं असेल तर भजनं, बाळाची अंगाईगीतं आणि पार्टीची गाणी यांचा काला होतो आणि अ‍ॅप काहीही सुचवू लागतं. तीस सेकंदांच्या आत गाणं बदलू नका. स्पॉटिफाय तीस सेकंद वाजल्यावरच गाणं ऐकलं असं मोजतं, म्हणूनच आता सुरुवातीचं वादन तोकडं आणि मुखडा लगेच आलेला दिसतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात गाणं तुम्हाला धरायला धडपडत असतं, खरं काय आहे ते नंतर कळतं.

प्रत्यक्ष कार्यक्रमाला गेलात तर खिशात संगीतासाठीचे इअरप्लग ठेवा, 15 ते 20 डेसिबल कमी करणारे. 85 डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरली, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला पंधराच मिनिटं उरतात. कापूस चालत नाही, तो वरचा भाग जास्त दाबतो आणि नेमके शब्दच जातात. स्पीकरच्या भिंतीपासून लांब, साउंड मिक्सरवाल्याच्या टेबलाजवळ उभे राहा. तो तिथूनच ऐकून आवाज लावत असतो.